मावरा मेला नाय, मावरा झालाच नाय

मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण भिवंडीत राहणाऱ्यांनी, खाडीकाठच्यांनी आणि ज्यांच्या ताटात अजून बोय, कोळंबी, चिंबोरी येते त्या सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. विषय रुक्ष वाटेल. रसायनांची धोका-तपासणी आणि त्यातलं गणित. पण या गणितात आपल्याच घरातली माणसं अडकलेली आहेत.

काही वर्षांपूर्वी मामाबरोबर एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण भांडण एका कार्यालयाशी नाहीच. मामाची सगळी हयात खाडीत गेली. तक्रार साधी होती: जाळ्यात काही येत नाही, निवटी दिसत नाही, बोय बोटाएवढी सुद्धा मिळत नाही. साहेब माणूस वाईट नव्हता. चहा मागवला, फाईल काढली आणि म्हणाला, "काका, हा रिपोर्ट बघा. सांडपाण्यात मासे ठेवून चाचणी केलीय. ९६ तासांनी सगळे जिवंत. पाणी पास आहे. तुमचे मासे मेले म्हणता, तर मेलेले मासे कुठायत? फोटो आहे का?"

मामा म्हणाला, "साहेब, मावरा मेला नाय. मावरा झालाच नाय."

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. फॉर्ममध्ये 'न झालेले मासे' असा रकानाच नव्हता. मी प्राणिशास्त्र शिकलेला, बाजूच्या खुर्चीत बसलेला. मामा बरोबर बोलतोय हे मला कळत होतं आणि तरी मी गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून टोचतं. म्हणून ही पोस्ट.

आधी चाचणी काय असते ते समजून घेऊ. पर्यावरण संरक्षण नियम १९८६ मध्ये सांडपाण्याची सर्वसाधारण मानकं दिलेली आहेत. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी ३० मिलिग्रॅम प्रति लिटर, सीओडी २५० वगैरे. त्याच यादीत एक ओळ माशांची आहे: शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. म्हणजे टाकीत दहा मासे सोडले, चार दिवसांनी नऊ पोहत असले की पाणी पास.

ही चाचणी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. जहाल विष ती पकडते आणि ती राहिलीच पाहिजे. २०१४ साली उल्हासनगरात वालधुनीत रसायन ओतलं गेलं आणि शेकडो लोकांना दवाखाना गाठावा लागला. त्याच वर्षी जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. असले प्रकार डोळ्यांना दिसतात, नाकाला कळतात, बातमी होते. प्रश्न आहे तो न दिसणाऱ्याचा.

चार दिवसांच्या चाचणीत काय कळत नाही? मासा अंडी घालतो का, कळत नाही. अंड्यातून पिल्लू निघतं का, कळत नाही. पिल्लू मोठं होतं का, कळत नाही. माशाचं खाणं असलेले चिखलातले किडे उरले का, तेही कळत नाही. शिवाय आपली खाडी म्हणजे टाकी नव्हे. कामवारीचं पाणी, उल्हासचं पाणी, वरच्या सगळ्या शहरांचं पाणी इथे येतं. ओहोटीला खाली जातं आणि भरतीला त्यातलं बरंचसं परत वर येतं. टाकीतल्या माशाला ते पाणी चार दिवस, खाडीतल्याला जन्मभर.

आपण भिवंडीकर, तर आपल्या भाषेत सांगतो. एक धागा ओढून बघितला आणि तुटला नाही, म्हणून कोणी अख्खा ताका पास करतं का? व्यापारी ताका उलगडून बघतो, वीण बघतो, कुठे धागा सुटलाय ते बघतो. माशांच्या बाबतीत मात्र सरकार एका धाग्यावर ताका पास करतंय.

"हे सगळं तर्काचं झालं, पुरावा काय?" असं कोणीतरी विचारणारच. घ्या पुरावा.

कॅनडात ओंटारियो प्रांतात शास्त्रीय प्रयोगांसाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातल्या २६० क्रमांकाच्या तळ्यात २००१ ते २००३ अशी तीन वर्षं शास्त्रज्ञांनी गर्भनिरोधक गोळ्यांमधलं हार्मोन सोडलं. प्रमाण किती? एका लिटरमध्ये ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचे पाच-सहा भाग. तळ्यातल्या फॅटहेड मिनो जातीच्या छोट्या माशांतल्या नरांमध्ये मादीची लक्षणं आली, प्रजनन बिघडलं आणि ती जात त्या तळ्यातून जवळजवळ नाहीशी झाली. आपली ९६ तासांची चाचणी हे पाणी हसत हसत पास करते. मासे मेले नव्हतेच. पुढचे झाले नव्हते.

आता कापड धंद्याकडे या. कापड धुण्या-रंगवण्यात जगभर नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट नावाची रसायनं वापरली गेली. ती पाण्यात मोडून नॉनिलफिनॉल तयार होतं आणि तेही माशांच्या शरीरात स्त्री-हार्मोनसारखं वागतं. हार्मोनपेक्षा बरंच दुबळं, पण जात तीच. युरोपने २०१६ साली नियम केला आणि फेब्रुवारी २०२१ पासून धुवायच्या कापडात त्याचं प्रमाण ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. बाहेरून आयात होणाऱ्या कापडालाही तोच नियम. म्हणजे तिकडे जाणाऱ्या कापडात ते चालत नाही, आणि इकडे ज्या पाण्यात ते धुतलं जातं त्या पाण्याला आपण विचारतो फक्त एवढंच की चार दिवसांत मासा मेला का.

मग मार्ग काय? प्रत्येक रसायनासाठी अख्खी खाडी तीन वर्षं विषारी करून बघायची? अर्थातच नाही. मार्ग म्हणजे लोकसंख्येचं गणित. शास्त्रज्ञ त्याला इकॉलॉजिकल मॉडेल म्हणतात. नाव मोठं आहे, पण मुळात ती खतावणी आहे. सुरुवातीची शिल्लक किती, नवे जन्मले किती, कोणत्या वयाचे किती जगले, वर्षाअखेर शिल्लक किती.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, कुठल्या खऱ्या माशाचे नाहीत. समजा १०० माद्या आहेत. दरवर्षी त्यातल्या ८० जगतात आणि २० नव्या मोठ्या होऊन येतात. हिशोब बरोबर, खातं जुळलं. आता पाण्यात असं काहीतरी आलं की मोठ्या माशाला काही होत नाही, पण पिल्लं निम्मीच जगतात. म्हणजे दर शंभरामागे २० ऐवजी १० नव्या. पुढच्या वर्षी शिल्लक ९०. त्याच्या पुढे ८१. दहा वर्षांनी साधारण ३५. वीस वर्षांनी १२. या वीस वर्षांत एकही चाचणी नापास झालेली नाही. एकही मासा उलटा होऊन तरंगलेला नाही. फोटो काढणार कशाचा?

आणि हे गणित दोन्ही बाजूंनी चालतं, हेही प्रामाणिकपणे सांगतो. एखादी जात अशी असते की लाखोंनी अंडी घालते आणि जागा व खाणं कमी असल्यामुळे बहुतेक पिल्लं तशीही मरणार असतात. तिथे निम्मी पिल्लं गेली तरी उरलेल्यांना जास्त खायला मिळतं आणि फारसा फरक पडत नाही. उलट जिताड्याचं बघा. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. तिथे मोठे मासे गेले की माद्याच गेल्या. एकच रसायन, एकच मात्रा, पण कोळंबीला वेगळा परिणाम आणि जिताड्याला वेगळा. हे टाकीतल्या दहा माशांना विचारून कसं कळणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं. असलं गणित भारतात कधी कामी आलंय का? आलंय. आणि त्यात आपल्या मुंबईच्या बीएनएचएसचा मोठा वाटा आहे.

गिधाडं. १९९० च्या दशकात डॉ. विभू प्रकाश यांनी भरतपूरला गिधाडं झपाट्याने कमी होताहेत हे नोंदवलं. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ च्या तुलनेत २००७ पर्यंत ९९.९ टक्के घटली. हजारामागे एक उरलं. २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण सापडलं: डायक्लोफिनॅक, गुराढोरांना दिलं जाणारं वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं.

आक्षेप लगेच उभा राहण्यासारखा होता: औषध दिल्यावर लगेच मेलेली जनावरं अशी असतात किती? एवढ्याने अख्ख्या देशातली गिधाडं कशी जातील? याचं उत्तर टाकीतल्या चाचणीने मिळणार नव्हतं. ते मिळालं गणितातून. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि वयात यायला काही वर्षं घेतं. म्हणजे मोठी गिधाडं थोडी जरी जास्त मरायला लागली तरी खातं तुटीत जातं. ऱ्हिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली हिशोब मांडला: दर १३० ते ७६० जनावरांच्या मढ्यांमागे एकात जरी मारक प्रमाणात औषध असेल तरी दिसतेय ती सगळी घट होऊ शकते. पुढे देशभरातल्या मढ्यांचे नमुने तपासले तेव्हा सुमारे १० टक्क्यांत डायक्लोफिनॅक सापडलं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम होतंच.

पण बंदी आली तेव्हा गिधाडं जवळजवळ संपली होती. किंमत नुसती पक्ष्यांनी मोजली नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज आहे की गिधाडं गेल्यामुळे, कुजलेली मढी, भटकी कुत्री आणि दूषित पाणी यांमुळे, २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात सुमारे ५ लाख जादा माणसं मेली. औषधाला परवानगी देताना एक प्रश्न कोणी विचारला नव्हता: हे जनावर मेल्यावर त्याला कोण खातं, आणि खाणाऱ्याचं खातं किती तूट सोसू शकतं?

तोच प्रश्न मी आज खाडीबद्दल विचारतोय. उशीर व्हायच्या आधी.

यावर तिकडून ठरलेलं उत्तर येतं: "मॉडेल म्हणजे अंदाज. कायदा अंदाजावर चालत नाही."

असं? मग हे सांगा. कारखान्याचं पर्यावरण मूल्यांकन करताना धुराड्यातला धूर कुठवर जाईल हे कशाने ठरवता? मॉडेलने. टाकी फुटली तर वायू किती अंतरापर्यंत पसरेल? मॉडेलने. बंदर बांधायचं तर गाळ कुठे साचेल हे खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात मॉडेलवरच बघतात. विम्याचा हप्ता ठरतो तो मृत्यूच्या कोष्टकांवर, म्हणजे माणसांच्या लोकसंख्येच्या गणितावरच. तिथे अंदाज चालतो. मासा आला की एकदम कायद्याला ठोस पुरावा लागतो.

आणि सगळ्यात मोठी गंमत ऐका. पावसाळ्यात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. कशासाठी? माशांच्या विणीचा काळ म्हणून. २०२३ साली महाराष्ट्राने ५४ जातींसाठी कमीत कमी आकार ठरवला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. कशासाठी? मासा एकदा तरी अंडी घालायला जगावा म्हणून. दोन्ही नियम योग्य आहेत, माझा विरोध नाही. पण लक्षात घ्या, हे लोकसंख्येचंच गणित आहे. म्हणजे कोळ्याने जाळं टाकलं की सरकारला माशाची वीण आठवते, पिल्लं आठवतात, पुढची पिढी आठवते. नाल्यातून रसायन आलं की तेच सरकार विचारतं, चार दिवसांत मेला का? जाळ्याला एक विज्ञान आणि नाल्याला दुसरं, हा कुठला न्याय?

शिवाय ९६ तासांची चाचणीसुद्धा मॉडेलच आहे. 'टाकीत चार दिवस जगला म्हणजे खाडीत पिढ्यान्‌पिढ्या जगेल' हे गृहीत धरणं म्हणजे मॉडेल नाही तर काय? फक्त ते लिहिलेलं नाही, म्हणून त्याची चूक काढता येत नाही. लिहिलेल्या गणिताची चूक निदान कोणीही काढू शकतो.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो.

युरोपातही अधिकारी ही मॉडेलं घ्यायला वर्षानुवर्षं तयार नव्हते आणि त्यांची कारणं खोटी नव्हती. प्रत्येक शास्त्रज्ञाचं मॉडेल वेगळं, आत काय आहे ते कागदावर नाही, आणि ते तपासायला अधिकाऱ्याकडे ना वेळ ना शिक्षण. शिवाय तिकडे अशी मॉडेलं बऱ्याचदा कंपन्याच पुढे आणतात. पहिल्या चाचणीत रसायन नापास झालं की 'जरा बारकाईने बघा, प्रत्यक्षात धोका नाही' म्हणून. हा धोका खराच आहे. आपल्याकडे तर पर्यावरण अहवाल पैसे देऊन कसे लिहून घेतले जातात, हे जनसुनावणीला बसलेल्या कोणालाही विचारा.

पण त्यावर तिकडे उत्तर शोधलं गेलं. मॉडेल कागदावर कसं मांडायचं याचे सामाईक नमुने २००६ पासून तयार झाले. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१४ मध्ये चांगलं मॉडेल कशाला म्हणायचं याचे निकष काढले. २०१८ मध्ये त्यांनी प्रकारवार निकाल दिला: कीटकनाशकांमुळे पाण्यातले जीव कधी आणि किती मरतील हे काढणारं 'गट्स' हे मॉडेल वापरायला तयार आहे, वाढ आणि प्रजननाचं दुसरं मॉडेल अजून तयार नाही. अमेरिकेत २०१३ साली राष्ट्रीय संशोधन परिषदेने सांगितलं की दुर्मिळ जातींना कीटकनाशकाचा धोका ठरवायचा तर लोकसंख्येची मॉडेलं वापरा. म्हणजे 'सगळं घ्या' नाही आणि 'काहीच नको' पण नाही. एक प्रश्न, एक मॉडेल, तपासून हो किंवा नाही.

नुकसानभरपाईतही हे चालतं. जानेवारी १९९६ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावर तेलवाहू बार्ज फुटला आणि लाखो लॉबस्टर मेले. नुकसान किती हे किनाऱ्यावरची मोजणी आणि लोकसंख्येचं गणित मिळून ठरलं. भरपाई म्हणून सुमारे १२ लाख माद्या शेपटीला खाच पाडून समुद्रात सोडल्या, म्हणजे त्या जाळ्यात आल्या तरी मच्छीमाराने परत सोडायच्या. न जन्मलेल्या लॉबस्टरचाही हिशोब झाला. मामाच्या वाक्याला तिकडे रकाना आहे.

तर मागण्या स्पष्ट लिहितो.

१. देशात सगळ्या रसायनांसाठी नवे नियम करण्याचा मसुदा २०२० पासून फिरतोय. त्यात लोकसंख्येवरच्या परिणामाचं कलम हवं. जे रसायन पाण्यात जाणार आहे, त्याची नुसती मारक मात्रा नको, प्रजननावरचा परिणाम आणि त्याचं गणितही हवं.

२. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला केंद्रापेक्षा कडक मानकं लावायचा अधिकार आहे. तो वापरा. जिथे चाचणी पास आणि मच्छीमारांची पकड मात्र वर्षानुवर्षं घटतेय, तिथे ९६ तासांवर फाईल बंद करायची नाही. अंड्यांची, पिल्लांची चाचणी आणि पुढचा हिशोब सक्तीचा करा.

३. मॉडेल बंद पेटीत नको. गृहीतकं, आकडे, प्रोग्रॅम सगळं उघडं हवं आणि सारांश मराठीत हवा. कंपनीने नेमलेल्या सल्लागाराचं मॉडेल दुसऱ्या स्वतंत्र संस्थेने चालवून बघितल्याशिवाय धरायचं नाही. आणि मॉडेल म्हणतं 'धोका नाही' म्हणून चाचणीत नापास झालेलं पाणी पास करायचं नाही. आधी हे कुंपण, मग मॉडेल.

४. गणिताला आकडे लागतात. खाडीत कोणती जात कधी विते, पिल्लं कुठे असतात, पूर्वी एका भरतीला किती मिळायचं, हे काशेळी, काल्हेर, कोनपासून खाली वसईपर्यंतच्या कोळी-आगरी माणसांना तोंडपाठ आहे. ते लिहून घ्या. साक्ष म्हणून नको, आकडेवारी म्हणून घ्या.

कोणी म्हणेल, डाईंग-सायझिंगवाल्यांच्या पोटावर पाय देताय. अजिबात नाही. भिवंडी यंत्रमागावर जगते, हे मला कोणी सांगायची गरज नाही, माझ्या घरातली दोन माणसं त्याच धंद्यात आहेत. उलट आज सगळ्यांना एकच काठी लागते. नेमकं कोणतं रसायन खाडीचं खातं तुटीत नेतंय हे कळलं तर तेवढंच बदलता येईल. डायक्लोफिनॅक गेलं म्हणून गुरांचे डॉक्टर बेकार झाले नाहीत. औषध बदललं, एवढंच.

मामा आता खाडीवर जात नाही. होडी उलटी करून ठेवलीय, त्यावर पोरं बसतात. पुन्हा त्या कार्यालयात जायला तो तयार नाही. म्हणतो, "फोटो मागतील." मी मात्र जाणार आहे, आणि या वेळी गप्प बसणार नाही. वरचा शंभर माद्यांचा हिशोब एका कागदावर लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे आणि विचारणार आहे: साहेब, या वीस वर्षांत तुमची चाचणी कोणत्या वर्षी नापास झाली असती?

ज्यांच्याकडे खाडीच्या पकडीच्या जुन्या वह्या, सोसायटीच्या नोंदी, काहीही असेल त्यांनी कळवा. कोण बरोबर येणार तेही सांगा. चूक दिसली तर दाखवा, दुरुस्त करीन. पटलं तर पुढे पाठवा.